गंगूआजीची बोहनी

गेल्या महिन्यात अमरावतीला आमच्या महिला मंडळाची सभा होती. महागाईनं गरिबाघरच्या पोरांचे हाल चालले आहेत, तेव्हा वर्गणी काढून काही करावं, असा विषय होता. विषय चांगला, चहा चांगला, जमलेल्या बायाही चांगल्या. पण एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "रोख पैसे मात्र देऊ नका हं. या बायकांच्या हाती पैसा दिला तर तो पोरांच्या तोंडी काही लागत नाही. काय द्यायचं ते वस्तूंत द्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि रागाच्या भरात भलतंच काहीतरी बोलून खाली बसले. राग आला की माझी जीभ पुढे पळते आणि अक्कल मागून येते, हे माझ्या शाळेतल्या मुलींनाही ठाऊक आहे.

म्हणून जे तेव्हा नीट सांगता आलं नाही ते इथे लिहिते. त्या बाईंचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. बायकांच्या हाती रोख पैसा आला आणि पोरं तरीही उपाशी राहिली, हे मी स्वतःच्या घरात पाहिलं आहे. त्या पोरांतली एक मीच होते. पण त्याचं कारण या बाईंना वाटतं ते नव्हतं. ते कारण सांगायचं तर गंगूआजीपासून सुरुवात करावी लागते, आणि तिच्याविषयी बोलायला मला निमित्त हवंच असतं.

मी अकोल्याची, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातली. आम्ही माळी. नदीकाठच्या मळ्यांतला भाजीपाला पहाटे गुजरीत यायचा. गुजरी म्हणजे आमचा रोजचा भाजीबाजार. त्या गुजरीच्या तोंडाशी गंगूआजीची जागा होती. उंच, काळीसावळी, कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदण. नवरा भगवंत लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नव्हतं. आईबापांनी पुन्हा पाट लावायचं काढलं तर म्हणाली म्हणे, "एकाले रांधून घातलं, बस झालं. आता गावाले इकून घालतो." आणि पाटी डोक्यावर घेतली ती जन्मभर.

तोंड फटकळ. कोणी वांगी दाबदाबून पाहू लागलं की म्हणायची, "वांगं होये बापा, पोरीचा गाल नोहे." मोठ्या माणसाला वरून सांबाराची एक काडी जास्त द्यायची नाही. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. पण लहान पोर भाजी घ्यायला आलं की त्याच्या पिशवीत न मागता मूठभर टाकायची आणि वर दरडावायची, "मायले सांगजो, गंगूनं मापात पाप केलं म्हून." आम्ही पोरं तिला भ्यायचो आणि तिच्याच पाटीशी घोटाळायचो.

आता बोहनीचं सांगते, कारण सगळं त्यावर आहे. दिवसाची पहिली रोख विक्री म्हणजे बोहनी. पुण्याकडे भवानी म्हणतात तीच. बोहनीच्या गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस करत नाहीत, गिऱ्हाईकही करत नाही. सुटे मागत नाहीत, उधार तर बोलतच नाहीत. तो पैसा पाटीला लावायचा, डोळ्यांना लावायचा आणि कनवटीला वेगळा बांधायचा. आमच्या माळ्यांच्या घरांत तो खर्चायचा नाही, असा दंडक होता. घरी नेऊन देवाजवळच्या गडूत टाकायचा आणि दिवाळीला लक्ष्मीपुढे मांडायचा. बोहनीचा पैसा मोडला की घरची लक्ष्मी उठून जाते, असं आम्ही चालायला शिकलो तेव्हापासून ऐकत आलो होतो. आणि कोणी "माही बोहनी कर" म्हणून दारी आलं, तर त्याला रिकामं परतवायचं नाही. ते पाप समजायचे.

मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली तेव्हा मी दुसरीत होते. ज्याच्या त्याच्या घरातून माणसं गेली. माझा बाप शालिकराम कंबरेपासून ताठ चालणारा माणूस होता; तापानं निजला तो उठलाच नाही. नदीकाठचा मळा आम्ही बटाईनं, म्हणजे वाट्यानं, करायचो, तो मालकानं दुसऱ्याला दिला. माय, म्हणजे पार्वताबाई, मी शालू आणि माझा रांगता भाऊ चंद्रभान, असे तिघं उरलो. माय लोकांच्या मळ्यांत निंदायला जाऊ लागली. पुढच्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, विहिरी तळाला लागल्या, निंदायचं कामही गेलं. आमच्या आळीत आमच्यासारखी घरं पुष्कळ झाली होती.

गुजरीचे अडते किसनराव भला माणूस. त्यांनी सुरू केलं की संध्याकाळी उरलेला भाजीपाला या घरांना वाटायचा. आम्ही ओळीनं उभे राहायचो. कधी कोहळ्याची फोड, कधी सुकलेला पालक. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, मी आज त्यांना नावं ठेवणार नाही. पण पालक शिजवायला सरपण लागतं, चव यायला मीठ लागतं, आणि नुसत्या कोहळ्यावर तेवढंसं पोर वाढत नाही. माय अळणी भाजी ताटात वाढायची आणि दुसरीकडे बघायची. मिठाचा खडा शेजारी मागायचा तर किती वेळा मागणार!

एका संध्याकाळी गंगूआजी त्या ओळीपाशी येऊन उभी राहिली. चंद्रभान माझ्या कडेवर होता. तिनं त्याचा दंड चिमटीत धरून पाहिला आणि तडक किसनरावांच्या ओट्यावर गेली.

"किसनभाऊ, भाजी वाटनं पुरे झालं. आता रोकड द्या. गुजरीतल्या हरेक पाटीनं आठवडी बाजाराच्या दिवशी एक पैसा काढायचा. मी गोळा करतो, मीच नेऊन देतो."

किसनराव हसले. "गंगूबाई, बाईमानसाच्या हाती रोकड देऊ नये. आज आली, उद्या उडाली."

"रोज पाहाटे मालाचे पैसे माह्याच हातून घेता ना तुमी? तवा नाई म्हनत बाईमानूस म्हून!"

"तुही गोष्ट न्यारी हाय. तू कमावून राहिली."

"आन त्या काय झोपून राहिल्या? बापाबिगर पोट्टे वाढवनं काम नोहे का? भाजीनं पोट भरते भाऊ, पन भाजीतून मीठ नाई निघत, घासलेट बी नाई निघत. कोनाच्या घरी काय खुटलं थे त्या घरच्या बाईलेच मालूम. तुमाले नाई, मले बी नाई."

गुजरीत गंगूआजीशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिला नाही. किसनरावही त्याला अपवाद नव्हते. पैसा गोळा होऊ लागला. कोणी कुरकुरत टाकला, कोणी आनंदानं, पण टाकला.

अडलं ते आमच्याच घरी. गंगूआजी पैसे घेऊन आली तर माय हात मागे घेऊन उभी. "मावशी, भाजी घेतली थे शेजारधर्मानं. मळ्यातल्या मानसानं मळ्यातल्या मानसाले देल्ली. पैसा घेतला त भीक होते. शालूच्या बापानं कोनापुढं हात पसरला नाई, मी कशी पसरू?" आळीतल्या माणिकबाईनंही हेच केलं, आणखी दोघीतिघींनीही. उपाशी मरतील पण ताठा सोडणार नाहीत! मी आज या ताठ्यावर रागावते, पण तोच माझ्यातही मुरलेला आहे.

गंगूआजी आली तशी परत गेली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा दारात. आमच्या अंगणात एक शेवगा होता. त्याच्याकडे पाहत म्हणाली, "पार्वता, हा शेवगा कोनाचा?"

"आमचाच, मावशी."

"एक जुडी पाला दे. फुकट नाई पायजे, इकत दे. तुही बोहनी करतो."

बोहनीला नाही कोण म्हणणार! मायनं पाला तोडून जुडी बांधून दिली. गंगूआजीनं गोळा झालेल्या पैशाची चांदीची पावली काढून तिच्या तळहातावर ठेवली. जुडीची किंमत एक ढब्बू पैसासुद्धा नव्हती. माय गडबडली. "मावशी, इतके सुटे माह्यापाशी..."

"बोहनीले सुटे मागत नसतात, मालूम नाई का तुले?" म्हणत गंगूआजी चालतीही झाली.

माणिकबाईकडून तिनं लिंबं घेतली, कोणाकडून तुळशीच्या मंजिऱ्या, कोणाच्या परसातली चार आंबट बोरं. दर आठवड्याला हा फेरा. घेतलेलं टाकून द्यायचा तिचा स्वभाव नव्हता, त्यामुळे त्या हंगामात ती शेवग्याचा पाला खाऊन खाऊन इतकी कावली होती की पुढे जन्मात तिनं शेवग्याला हात लावला नाही. पण खूश होती. गुजरीत सांगायची, "पाह्यजा, आता पोट्टे कसे बाळसं धरतात."

पोट्टे काही बाळसं धरेनात. कारण आमच्या मायनं ती पहिली पावली डोळ्यांना लावली आणि नेऊन देवाजवळच्या गडूत टाकली. दुसरी आली, तीही गडूत. तिसरी, चौथीही तशीच. बोहनीचा पैसा! तो मोडायचा कसा? माणिकबाईच्या घरी तेच, तिच्या शेजारणीकडेही तेच. एकीनंही मोडला नाही. आमच्या देवांच्या पुढ्यात चांदी साठत होती आणि चंद्रभान रात्री माती चाटताना सापडत होता. मी एकदा मायला म्हटलं, "माय, त्या गडूतले काढ ना." तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. देवानं ऐकलं असतं तर, या भीतीनं.

हे त्या सभेतल्या बाईंना मला सांगायचं होतं. पैसा पोरांच्या तोंडी लागला नाही, खरं आहे. पण माझ्या मायनं तो उडवला नव्हता हो, तिनं तो पुजला होता.

त्याच सुमारास नांदगाव खंडेश्वरचे खुशालराव अकोल्याला एका लग्नाला आले. मायच्या मावसबहिणीचे, गोदाबाईचे ते यजमान. घरची काळी जमीन, दोन बैलजोड्या. गोदामावशीला तान्हं मूल होतं आणि ते सांभाळायला एक पोरगी हवी होती. खुशालरावांनी आमचं घर पाहिलं आणि म्हणाले, "शालूले आमच्या घरी पाठवा. खाईन, पिईन, वर्साले दोन लुगडे भेटतीन." त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांच्या घरी मला पोटभर भाकर मिळाली असती. पण शाळा सुटली असती, माय सुटली असती, आणि अशा घरी गेलेली पोर परत येते ती लग्नापुरतीच, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. मायलाही. ती हो म्हणाली.

जायच्या दिवशी पहाटे तिनं शेजारून तेलाचं बोट मागून आणलं आणि माझी वेणी घातली. इतकी घट्ट घातली की कपाळ ताणलं. मी विचारलं, "माय, मी दिवाळीले येईन ना?" ती म्हणाली, "हालू नको." माझं गाठोडं तयार होतं, त्यात शाळेची पाटीही मी घातली होती, मायनं ती काढून फळीवर ठेवली. बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आणि पुढे बैलगाडी. खुशालराव न्यायला येणारच होते.

त्यांच्या आधी गंगूआजी आली. तो तिचा आमच्याकडे यायचा दिवस. डोक्यावर मेथी आणि वांग्यांची भरलेली पाटी, आमच्याकडून तशीच गुजरीत जायची होती. "पार्वता, जुडी..." म्हणेपर्यंत तिला माझं गाठोडं दिसलं.

"ही कुठी चालली वं?"

मायनं सांगितलं. खाली बघत, पटपट सांगितलं.

"काहून पन? मी इतके दिसाचं देऊन राहिली थे कुठी गेलं?"

मायनं देवळीकडे बोट दाखवलं. गंगूआजीनं वाकून पाहिलं. गडूत पावल्या जशाच्या तशा, वर हळदकुंकू वाहिलेलं.

"बोहनीचा पैसा कसा मोडू, मावशी?" माय म्हणाली. "दिवाळीले लक्ष्मीपुढं ठेवीन. मंग पाहू."

गंगूआजी पाटीसकट मटकन खाली बसली. मला वाटलं आता मायवर आग पाखडणार. तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "माह्याच डोक्यात शेन भरलं होतं. बोहनी म्हून देल्ली आन बोहनी मोडत नाई हेच इसरली! जन्म गुजरीत गेला माहा, तरी इसरली." तिचे डोळे भरले होते. ते मी पहिल्यांदाच पाहिले.

बाहेर खुशालराव खाकरले. "पार्वताबाई, पोरगी तयार हाय ना? गाडीची येळ होते."

मायनं माझं गाठोडं उचललं आणि माझ्या हातात दिलं. मी दाराकडे वळले. पण दार मोकळं नव्हतं. गंगूआजीनं आपली भरली पाटी उचलून बरोब्बर उंबऱ्यावर ठेवली होती आणि स्वतः तिच्याशेजारी बैठक मारली होती.

"पार्वता," ती म्हणाली, "माही बोहनी राहिली हाय. कर."

माय बघतच राहिली. "मी?"

"तुह्या दारात बसली हावो मी. परतवशीन काय?"

"मावशी, सकायच्या पारी माह्या हातची बोहनी घेशीन? माह्या पांढऱ्या कपायाची?" विधवेच्या हातची बोहनी गुजरीत कोणी घेत नसे. दिवस वाया जातो म्हणायचे.

"माहं कपाय काय लाल हाय? पैशाले कपाय नसते."

"पन घरात पैसा फक्त थोच हाय..."

"थोच दे. बोहनीच्या पैशानं दुसऱ्याची बोहनी केली त थो मोडत नाई, पार्वता. चालता राह्यते. लक्ष्मी चालली म्हून उठून नाई जात."

हा नियम कुठल्या पोथीत होता, देव जाणे. मला आजही वाटतं की तो तिनं त्या उंबऱ्यावर, त्याच घडीला केला. पण ती इतक्या ठामपणे बोलली की देवांनाही तो जुनाच वाटला असेल. माय देवळीपाशी गेली. हात जोडले, किती तरी वेळ उभी राहिली. खुशालराव बाहेर, मी मध्ये, गाठोडं माझ्या छातीशी. मग मायनं गडूत हात घातला. पावली काढली आणि गंगूआजीच्या पाटीत टाकली.

गंगूआजीनं ती उचलून पाटीला लावली, डोळ्यांना लावली. वांगी दिली, मेथी दिली, आणि उरलेले सुटे पैसे मायच्या हातात मोजून घातले. "त्या दिशी म्हनलं होतं बोहनीले सुटे मागत नसतात. मागत नसतात, देतात. आता चाल. वान्याचं दुकान उघडून राह्यलं असन. त्याची बी बोहनी तूच कर. ज्वारी घे, मीठ घे, पोट्ट्यासाठी गूळ घे." असं म्हणून माझ्या हातातलं गाठोडं तिनं ओढून घेतलं आणि भिंतीशी भिरकावलं.

खुशालराव हे सगळं उभ्यानं पाहत होते. शेतकरी माणूस, बी कुठे पेरलं जातंय हे त्यांना कळलं असावं. पागोटं सारखं करत म्हणाले, "राहू द्या पोरीले. गोदाले मी समजावतो." आणि मग खिशात हात घालत, जरा लाजतच, "पार्वताबाई, तुमची बोहनी व्हायची असन ना आज? शेवग्याची एक जुडी द्या." पैसे देऊन लगबगीनं स्टेशनाकडे गेले. जुडी मात्र आमच्या ओट्यावरच विसरले.

त्या सकाळी आमच्या घरी वांग्याची भाजी झाली, मीठ घातलेली. चंद्रभाननं गुळाचा खडा गालात धरून ठेवला होता, गिळायलाच तयार नव्हता. मी पाटी फळीवरून काढली आणि शाळेत गेले. उशीर झाला म्हणून बाईंनी बाकावर उभं केलं. मी बाकावर उभी राहून हसत होते, म्हणून आणखी एक छडी बसली.

गुजरीत मात्र बोभाटा झाला होता. गंगूनं विधवेच्या हातची बोहनी घेतली! आता हिची पाटी उतरते, म्हणजे विकून रिकामी होते, का बघू, म्हणून सगळ्यांचे डोळे तिच्यावर. तिची पाटी उतरली नसती तर दुसऱ्या कोणीही, ना भाजीवालीनं ना वाण्यानं, आमच्या माय-माणिकबाईंच्या हातचा पैसा सकाळी घेतला नसता आणि देवळीतल्या पावल्या देवळीतच राहिल्या असत्या. संध्याकाळी किसनरावांनी विचारलं तेव्हा गंगूआजी पदर झटकत म्हणाली, "कवाचीच उतरली. दुपारच्या आतच. लय पायगुनाची बोहनी होती, भाऊ." तिचं बोलणं गुजरीत प्रमाण. दुसऱ्या बाजाराला दोघी भाजीवाल्यांनी मायच्या हातची बोहनी घेतली, मग आणखी दोघींनी. वाणी तर पहाटे दुकान उघडून वाट बघू लागला; रोख देणारं पहिलं गिऱ्हाईक कोणाला नको असतं! हळूहळू सगळ्या गडूंना वाट फुटली. पोरांनी खरोखर बाळसं धरलं. चंद्रभान आता कापसाच्या एका पेढीवर मुनीम आहे आणि त्याचं पोट बघून कोणाला वाटणार नाही की तो कधी माती चाटत होता.

त्या संध्याकाळचं एक मला माहीत आहे, जे गुजरीत कोणालाच माहीत नव्हतं. मायनं मला घासलेट आणायला पाठवलं होतं. नदीकडच्या बोळातून येताना मला गंगूआजी दिसली. पाटी डोक्यावर, वर ओलं फडकं घट्ट झाकलेलं. ती कधी त्या वाटेनं घरी जात नसे. मला पाहून दचकली, पाऊल चुकलं, फडकं सरकलं. पाटी जवळजवळ भरलेली होती. मेथी मान टाकून पडली होती. गिऱ्हाइकांनी बोभाटा ऐकून दिवसभर तिच्याकडे पाठ फिरवली होती, आणि ती दुपारी गुपचूप पाटी झाकून बसून राहिली होती.

"कोनाले सांगू नको," एवढंच ती म्हणाली. मी मान हलवली. ती मेथी तिनं एकटीनं किती दिवस खाल्ली असेल, मी विचारलं नाही. एवढ्या लहान वयातही मला समजलं होतं की ती सगळी पाटी माझ्यापायी वाया गेली आहे. तिनं ती अशी झाकून नेली नसती तर मी नांदगावला कोणाचं तरी मूल जोजवत मोठी झाले असते.

पुढे मी शिकले, ट्रेनिंग झालं, अमरावतीला शाळेत लागले. पहिला पगार हातात पडला तशी पहिल्या गाडीनं अकोल्याला गेले. गंगूआजी तेव्हा थकली होती. गुजरीतली जागा सोडून दारात खाटेवर बसून असायची. मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते पायानं सरकवलं. "मले भीक देतं काय वं, मास्तरीन? पोटापुरतं हाय माह्यापाशी."

मला तिचं उत्तर ठाऊकच होतं. मी खाली, तिच्या पायाशी बसले. म्हटलं, "आजी, भीक नाई. इकत घ्यायले आली. तुमची एक पाटी मेथी इकायची राह्यली होती. नदीकडच्या बोळातून घरी नेली होती तुमी. थे मले पायजे."

ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत आम्ही त्या पाटीविषयी एक अक्षर बोललो नव्हतो. मग ती हसली.

"सुकली असन वं थे आता."

"सुकली त सुकली. मी बोहनीचं गिऱ्हाईक हाय. भाव नाई करत."

"मंग मी बी नाई करत," ती म्हणाली आणि हात पुढे केला. पैसे घेतले. आधी खाटेच्या दांडीला लावले, कारण पाटी आता नव्हती. मग डोळ्यांना लावले, आणि तसेच डोळ्यांवर धरून बसली. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

नंतर डोळे पुसून तिनं नेहमीच्या आवाजात हाक मारल्यासारखं विचारलं, "आळीत नवीन कोन हाय वं, बापाबिगरच्या पोट्ट्यावाली? तिच्या घरी काही झाडबीड हाय का, पाहून ये."